पिवळ्या तांदळाला कूपन नव्हतं

अर्धी पिऊन टेबलावर ठेवलेली बाटली पाहिली की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी असं समजू नये की मला उपरती झाली आणि मी उधळपट्टीच्या बाजूला जाऊन बसलो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. दहा खुर्च्यांचं आमचं टेबल. जेवण होईपर्यंत त्यावर पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या मिळून सत्तावीस छोट्या बाटल्या जमल्या. मी त्या हाताने हलवून पाहिल्या. रिकाम्या सहा. बाकी एकवीस कुणी एक घोट, कुणी दोन घोट घेऊन सोडलेल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ फोटोला उठले, परत आले, आपली बाटली कोणती ते ओळखू येईना म्हणून नवीन फोडली. तीन वेळा. मी म्हटलं, "अहो, मघाची तिथंच आहे." ते म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, फुकटच तर आहे." मी म्हटलं, "ज्याची मुलगी आहे त्याला फुकट नाही." ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. घरी येताना बायको माझ्याशी बोलली नाही. तिला बाटल्यांची नाही, माझी लाज वाटली होती.

मी कालव्याच्या खात्यात आहे. कालव्याच्या तोंडाशी किती पाणी सोडलं आणि शेवटच्या टोकाला, ज्याला आमच्याकडे सगळे टेल म्हणतात, तिथं किती पोचलं, हे मोजण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. टेलचे शेतकरी दर उन्हाळी धानाच्या वेळी तक्रार घेऊन येतात, पाणी आलं नाही म्हणतात. मी त्यांना रजिस्टर दाखवतो. आकड्यांत पाणी पोचलेलं असतं.

तर मुलाचं लग्न ठरलं. लग्न मुलीकडे, रिसेप्शन आमच्याकडे, बालाघाटात एका लॉनवर, मे महिन्यात. जेवणाचं बायकोने आणि मुलाने पाहायचं ठरलं, प्यायचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. एजन्सीवाल्याकडे गेलो. तो न विचारता म्हणाला, "सर, माणशी तीन पकडा. गरमी आहे." मी विचारलं, तीन कुठून आले. तो म्हणाला, "सगळेच पकडतात." सगळे पकडतात म्हणून मीही पकडायचे. माल त्याचा, आकडाही त्याचा, आणि लग्न तेवढं माझं. मी वही मिटली आणि घरी आलो.

घरी मेहुणा येऊन बसला होता. त्याला सात रंगांची मॉकटेल हवी होती. त्यात एक निळं होतं. मी विचारलं, निळं पाणी माणूस कशासाठी पिईल. तो म्हणाला, "भाऊजी, फोटोत चांगलं येते." मुलाच्या मित्रांनी एकदा दबक्या आवाजात 'अलग व्यवस्थे'बद्दल विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही, इतपत उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

मी मोजमाप केलं. बायकोला मठ्ठा करायला लावला, दीडशे मिलिलीटरचे ग्लास आणले, आणि भर उन्हातून आलेला माणूस संध्याकाळभरात खरोखर किती पितो हे घरातल्या माणसांवर तीन दिवस तपासलं. सरासरी सव्वादोन आली, तीही मठ्ठ्याची. गोड पेयाच्या तर दीड ग्लासावर कुणी जाईना. तिसऱ्या दिवशी बायको रिकामा ग्लास पुढे करून म्हणाली, "अजून घेऊ का, की झाला माझा कोटा?" तिने थट्टा केली आणि मला कल्पना सुचली.

कूपन. फिकट गुलाबी, अंगठ्याएवढं, 'एक कूपन, एक पेय' असं छापलेलं. कार्डामागे दोन माणसं धरून प्रत्येक कार्डात चार, आत स्टेपल करून. कार्डं तीनशे दहा, कूपनं बाराशे चाळीस. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तर सर्कशीचं तिकीट वाटते." बायको म्हणाली, "आपल्या घरच्या कार्यात माणसं कूपन धरून लाइनीत उभी राहतील का?" मी म्हटलं, भंडाऱ्याच्या जेवणाला लाइन लागते, डॉक्टरकडे लागते, मग इथं लागली तर काय बिघडलं. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. पाणी कूपनावर नव्हतं. गार पाण्याचे वीस लिटरचे चाळीस जार, म्हणजे कॅम्पर, कडुलिंबाच्या झाडाखाली वेगळे लागणार होते, ज्याला हवं त्याने हवं तेवढं प्यावं. फक्त ते किती वाजता लावायचे हा प्रश्न होता. लवकर आणले तर बर्फ विरघळतो. त्यासाठी मी पाहुण्यांच्या येण्याचा तासवार तक्ता केला. आमच्या गावात कार्डावर पाच लिहिलं की माणूस आठला येतो, हे मी सहा रिसेप्शनांत घड्याळ लावून पाहिलं आहे. तक्त्यात मी लिहिलं: सात ते आठ, वीस टक्के. आठ ते साडेनऊ, साठ टक्के. आणि सगळ्यात वरच्या ओळीत, पाच ते सात, नगण्य. म्हणून कॅम्पर साडेसहाला. तक्त्याची एक प्रत सही करून पेयांच्या काउंटरवाल्याला दिली, खाली सूचना लिहिली: कूपनाशिवाय कुणालाही काहीही देऊ नये.

आता गावाचं सांगायला हवं.

माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. वडील नोकरीवर, कधी बिरसा, कधी आणखी कुठं. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी बहीण, जिला आम्ही बाई म्हणतो, तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, तिरोडीकडच्या एका गावात. ती मला सासरी घेऊन गेली. नव्या सुनेने माहेरचं पोर सासरी आणून ठेवणं ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. आठवीपर्यंत मी त्या गावात वाढलो. बाईच्या घरी वाढलो म्हणतो, पण खरं पाहता त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांत जेवलो. पुढे शिकायला बालाघाटला आलो तो इकडचाच झालो.

त्या गावात कार्डाला कुणी विचारत नाही. एक कार्ड देवापुढे ठेवतात, बस. माणसाला बोलवायचं तर दारात जायचं, हळद लावलेले पिवळे तांदूळ त्याच्या ओंजळीत घालायचे आणि म्हणायचं, घरदारासकट या. याला अक्षत देणं म्हणतात. अक्षत मिळाली नाही तर सोन्याच्या अक्षरांचं कार्ड आलं तरी माणूस येत नाही, आणि मिळाली तर ताप असला तरी येतो. मला रजा नव्हती. मी तांदूळ आणि देवासाठी एक कार्ड बसने पाठवलं. बाईने सहासष्टाव्या वर्षी, एप्रिलच्या उन्हात, तेवीस दारांत जाऊन अक्षत दिली. माझ्या जेवणाच्या यादीत त्यांची चाळीस पानं होती. मी काही विसरलो नव्हतो. फक्त कार्डामागे चार कूपनं हे माझं सूत्र होतं, आणि या तेवीस घरांत कार्ड नव्हतं. ज्यांना सगळ्यात मानाने बोलावलं त्यांच्याच हातात कूपन नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाराशे चाळीसचा गुणाकार मी तीनदा तपासला होता.

रिसेप्शनच्या दिवशी पाच वाजता मी मंडपामागे बर्फवाल्याशी भांडत होतो. आठ लाद्या सांगितल्या होत्या, सात आल्या होत्या. तो म्हणत होता की आठवी रस्त्यात वितळली. अख्खी लादी वितळते आणि शेजारच्या सात शाबूत राहतात, हे मला पटण्यासारखं नव्हतं. एका लादीसाठी मी वीस मिनिटं घालवली.

त्याच वीस मिनिटांत काय झालं ते मला नंतर बाईच्या सुनेने सांगितलं, आणि काउंटरवाल्यानेही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना दोन पिकअप लॉनच्या दाराशी उभ्या राहिल्या. बाईने पाच सांगितलं होतं, म्हणून ते पाचला आले. एक्केचाळीस माणसं, अडीच तासांचा रस्ता, वर ताडपत्री. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, म्हातारे पांढरे दुपट्टे बांधून. दारातच काउंटर सजवलेला, बर्फात बाटल्या खोचलेल्या, मठ्ठ्याचं पिंप. बाई पुढे झाली.

"पाणी दे बाप्पा पह्यले. लेकरं सुकून गेले."

"कूपन दाखवा बाई."

"कायचं कूपन?"

"कार्डात लावलं आहे ना, गुलाबी."

"आमाले कार्ड नाही. आमाले अक्षत हाये."

काउंटरवाला शहरातला माणूस. त्याला ते कळलं नाही. बाईने सांगितलं, "नवरदेवाची आत्या हाओ मी."

"मंग आत्याबाई, तुमाले मी नाही कुठं म्हणून राह्यलो? तुमी घ्या एक. पण हे चाळीस? सरनं लेखी देलं आहे. बिना कूपन एक बी बाटली गेली तर सर मले सोडन का?"

"हे चाळीस बी आत्याच समज."

"असं नाही होत ना आत्याबाई."

"पाणी तं दे."

"पाण्याचे कॅम्पर साडेसहाले येतीन."

मागे एक म्हातारबाबा उभे होते. त्यांचं शेत आमच्या कालव्याच्या अगदी टेलला आहे, दरसाल माझ्या ऑफिसात येतात. ते म्हणाले, "चला बाप्पा. सायबाच्या कालव्याचं पाणी टेलले पोचत नाही, सरबत कुठून पोचन." सगळे हसले. बाई हसली नाही. तिने रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथं बंद पंक्चरच्या दुकानाशेजारी सरकारी हातपंप आहे.

मला आधी आवाज आला. हातपंपाचा दांडा कोरडा असला की जो कुरकुरतो तो. मी बाईलाच शोधत बाहेर येत होतो, कारण नवरानवरीला पहिलं औक्षण आत्याचं. दारातून पाहिलं तर रस्त्यापलीकडे माझं सगळं गाव उभं. ऊन तिरपं झालं होतं पण भाजत होतं. पोरं ओंजळ लावून पीत होती, बायका लुगड्याचा काठ सांभाळत वाकत होत्या, आणि दांडा माझी बहीण मारत होती. दुसऱ्याने हात लावला तर त्याला बाजूला करत होती. बोलावून तिने आणलं होतं ना.

मी धावत गेलो. "बाई, इकडं काहून?"

"तहान लागलती."

"आत सगळं आहे."

"हौ, पाह्यलं. बर्फात ठेवलं हाये."

आणि मी काय विचारावं? इतक्या वर्षांत माझ्या तोंडून अनेक मूर्खपणाची वाक्यं गेली असतील, पण यापेक्षा मोठं नाही. मी म्हटलं, "तुझ्या कार्डाला चार कूपनं लावली होती. आणली नाहीस का?"

बाईने दांडा थांबवला नाही. "हायेत ना. देवापाशी ठेवले. आता देव पिऊन राह्यला असन."

माणसं हसली. मी तिथून थेट काउंटरवर गेलो आणि त्या माणसाला जे बोलायचं ते बोललो. माणूस ओळखता येत नाही का, पाण्याला कुणी नाही म्हणतं का. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सर, सही तुमचीच आहे ना?" वरच्या ओळीवर त्याचा अंगठा होता. पाच ते सात, नगण्य. माझं अक्षर चांगलं आहे, वाचायला काही अडचण नव्हती.

मी बाटल्यांचा एक क्रेट स्वतः उचलून रस्ता ओलांडला आणि हातपंपाशी ठेवला. एक हात पुढे आला नाही. एका पोराने आईकडे पाहिलं, आईने त्याचा खांदा धरला. बाई म्हणाली, "राहू दे बाबू. तहान भागली. तुले तिकडं कमी पडन."

ते परत जातील असं मला वाटलं. गेले असते तर एका अर्थाने सोपं झालं असतं. पण बाईने सगळ्यांना आत आणलं. औक्षण केलं, पोराच्या गालावरून हात फिरवला, नव्या सुनेच्या ओटीत आपल्या हाताने नारळ घातला. पावणेसातला पहिली पंगत त्यांचीच बसली. सगळे पोटभर जेवले, भाजी मागून घेतली, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. फक्त प्याले नाहीत. तोवर कॅम्पर आले होते, गार, फुकट, झाडाखाली. मी स्वतः ग्लास भरून पानापानावर ठेवत गेलो. एक्केचाळीस ग्लास भरलेलेच राहिले. जेवण झालं, आणि सगळे उठून ओळीने रस्त्यापलीकडे गेले, हात धुतले, पाणी प्याले.

तेव्हा साडेसात झाले होते. तक्त्याप्रमाणे वीस टक्के पाहुणे यायला लागले होते. आमचे साहेब गाडीतून उतरले आणि म्हणाले, "तिकडे हातपंपावर लग्नाची माणसं दिसतात. कुणाकडची?" मी म्हटलं, "माझ्याकडची." ते म्हणाले, "इथं पाणी नाही का?" मी म्हटलं, "आहे सर. आठशे लिटर आहे." हे उत्तर मी दिलं, कारण आकडा खरा होता.

पिकअप आठ वाजायच्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला अभिनंदनाचे फोन. अख्ख्या लॉनवर अर्धवट सोडलेल्या बाटल्या किती निघाल्या? अकरा. असं बालाघाटात आजवर कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. एकाने कूपनाचा नमुना मागितला, त्याच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर आहे. मी त्याच्यावर इतका खवळलो की त्याने फोन ठेवून पुन्हा लावला, बहुधा चुकीचा नंबर लागला असं वाटून. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग होता. काउंटरवाल्याचा, की त्याने कागदावर लिहिलेलं पाळलं. पिकअपवाल्याचा, की तो वेळेवर आला. बायकोचा, की तिने मला पुरेसं अडवलं नाही. "मी तीनदा म्हटलं होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "चौथ्यांदा म्हणायचं होतं." ती त्यावर जे म्हणाली ते इथं लिहीत नाही.

बाई दर रविवारी फोन करते. दोन रविवार आला नाही. मी केला तर सुनेने उचलला, बाई बाहेर गेल्यात म्हणाली. बाईला फोनसाठी बाहेर जावं लागत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिसऱ्या रविवारी तिने स्वतः उचलला.

"गावात मले विचारतेत," ती म्हणाली, "बाई, तुया भावाघरचं बोलावणं खरं होतं का? मी तेवीस दारात सांगतलतं, घरदारासकट या. माया तोंडावर आले ते. आता मी कोणाच्या दारात काय तोंडानं जाऊ? पुढच्या म्हैन्यात नातीची सोयरीक हाये. अक्षत घेऊन निघाली तं लोक म्हणतीन, बाई, कूपन बी देऊन जा."

"बाई, माझी चूक झाली. माफ कर."

"मले काय मागतो? मले तं तो एक देत होता."

 मग विचारलं, काय करू. ती म्हणाली, "मले काय विचारतो? तूच एवढा शिकला. पण येशीन तं अक्षत घेऊन येजो. नुसती गाडी घेऊन नको येऊ."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी रजा टाकली. शेरभर तांदूळ घरीच हळद लावून वाळवले, वारासिवनीवरून निघालो आणि सकाळी आठला गावात पोचलो. पुढच्या रविवारी बाईच्या अंगणात जेवण आणि पन्हं, अकरा वाजता, त्याचं बोलावणं. बाईच्या घरी आधी गेलो नाही. तिने सांगितलं होतं, दारं कर, मग ये.

दारात पाहुणा आला की त्या गावात पहिले पाणी. लहान तांब्याभर, वर गुळाचा खडा. आणि नाही म्हणायची सोय मला तरी उरली नव्हती. पहिल्या घरी म्हातारीने तांब्या आणला आणि पाठीमागे लपवला. "पह्यले कूपन दाखव." मी हसलो. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या सुनेने वहीचा गुलाबी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि परत मागून घेतला. पाचव्या घरी कुणी तरी म्हणालं, "सायबाले नोको देऊ, त्यायच्या तक्त्यात हे टाइम बसत नाही." हा तक्ता गावापर्यंत कसा पोचला ते मला आजही कळलेलं नाही. मान्य आहे, मी ऐकून घ्यायलाच गेलो होतो. पण एकच विनोद दहा-बारा दारांत ऐकावा लागला की माणसाला राग येतो, आणि तो गिळायला वर पाणी. दर तांब्यातलं मी निम्मं पीत होतो असं म्हणाल तर नाही. सगळे समोर उभे राहून पाहत होते. दुपारपर्यंत माझ्या पोटात साडेचार लिटर तरी गेलं असावं.

पण ओंजळी सगळ्यांनी पुढे केल्या. एकानेही तांदूळ परत केले नाहीत.

दोन वाजता बाईच्या दारात उभा राहिलो. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, शेजारी झाकलेला तांब्या. तिच्यामागे देवाच्या फळीवर आमचं कार्ड दिसत होतं, हळदीकुंकवाने माखलेलं, कोपऱ्यात चार गुलाबी कूपनं जशीच्या तशी.

"झाले सारे?" तिने विचारलं.

"झाले."

"आकडा सांग."

माझ्या बहिणीने मला जन्मात आकडा विचारला नव्हता. मी म्हटलं, "बावीस. एक जण घरी नव्हते."

"कोण?"

मी टेलवाल्या म्हातारबाबांचं घर सांगितलं. ते गावाबाहेर आहे, कालव्याच्या बाजूला. मी त्या फाट्यापर्यंत गेलो होतो. दुपारचे ते शेतात असतील असं मनाशी म्हटलं आणि वळलो. रजिस्टरमध्ये अशी नोंद कुणी केली असती तर मी त्याच्याकडून खुलासा मागितला असता.

बाई म्हणाली, "सकाळपासून ओसरीत बसून हाये तो. तू येतो म्हणून वावरात नाही गेला." तिने ओंजळ पुढे केली नाही. तांब्यावरचं झाकणही काढलं नाही. "जाऊन ये. मी इथीच हाओ."

मी गेलो. ऊन इतकं होतं की कालव्याच्या काठची माती पायाखाली फुटत होती. कालव्यात तळाशी भेगा. मी त्या पाहिल्या, मोजल्या नाहीत, मोजायला वेळही नव्हता.

म्हातारबाबा खरंच ओसरीत बसले होते. उठले, दोन्ही हात धोतराला पुसले आणि ओंजळ धरली. मी तांदूळ घातले. "रविवारी बाईकडे, अकरा वाजता. घरदारासकट या."

"अकरा म्हंजे अकराले येऊ ना सायेब? का तुमच्यात अकराचे दोन वाजतेत?"

"अकराला या. दहापासून पाणी भरून मी स्वतः उभा राहतो."

त्यांनी तांदूळ धोतराच्या सोग्यात बांधले. टेलच्या पाण्याबद्दल काही म्हणतील असं वाटलं, म्हणायला त्यांना जागाही होती. ते आत वळून म्हणाले, "सूनबाई, पाणी आण वं. मोठ्या तांब्यात आण."

तांब्या खरोखर मोठा होता. मी थोडं पिऊन खाली ठेवायला लागलो. म्हातारबाबांनी माझ्या मनगटाला हळूच हात लावला.

"पुरं घ्या सायेब. अर्धं ठेवाचं नसते. लांबून आणते पोरगी."

मी संपवलं. सगळं. मग तांब्या पालथा करून सुनेच्या हातात दिला आणि बाईच्या घराकडे निघालो. तिथला अजून बाकी होता.